माझ्या नावाखालची मोकळी ओळ

या, जरा अलीकडं सरका बघू. असं लांब लांब बसून काय ऐकणार? आणि आधी एक बोलून घेते, राग मानू नका. तुम्ही पोरंपोरी या ग्रुपवर रोज भुताच्या गोष्टी मागता, पांघरुणात तोंड घालून अंधारात मोबाईलवर वाचता, आणि सकाळी आईला सांगता डोकं दुखतंय. दुखणारच की! दिवा लावा आधी. माझ्या गोष्टीत अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही… भर दुपार आहे आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आहेत. तरी अजून आठवलं की माझी मान खाली जाते. भीतीनं नाही, लाजेनं.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे लिहून ठेवा. आमचे हे होते फौजेत. मी रहिमतपूरच्या मळ्यात पोराला घेऊन एकटी राहिलेली बाई. दिवस मावळल्यावर उसाला पाणी सोडायला जायची, वाटेत मसणवटा. कधी कुणी दिसलं नाही. दिसलं असतं तर म्हटलं असतं, बाबा, आलायस तर जरा खोरं धर.

शाळा माझी सातवीपर्यंत. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मुलानं दुकानासाठी नवा घेतला, जुना माझ्या खोलीत आला, आणि मी त्याच्याशी भांडत भांडत शिकले. आता गल्लीतल्या लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, भजनी मंडळाची पत्रकं… सगळं मीच टाईप करून देते. हौस म्हणून हो! बायका म्हणतात, "काकी, तुमच्या पत्रिकेत एक नाव चुकत नाही." आमच्याकडं पत्रिकेत नाव चुकणं म्हणजे काय, ते तुम्हा शहरातल्या पोरांना कळायचं नाही. भावकीतलं एक नाव राहिलं तर दोन घरांचा चहा बंद होतो. कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरनं मांडवात माणसं उठून गेलेली बघितलीत मी.

तर आमच्या नातवाचं, अभिजितचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच आजीनं करायची. आमच्या घरात मोठे म्हणजे आबा, माझे थोरले दीर. थोरल्या जाऊबाई नाहीत आता, त्यामुळं बायकांत मोठी मी. माझ्या पाठची माझी धाकटी जाऊ विमल, ती सांगलीला असते. तिचे मालक गेल्याला तेव्हा वर्ष झालेलं नव्हतं.

मी बायकांची नावं टाईप केली. पहिलं माझं. नावापुढं "श्रीमती" लावते मी, ते गंगाभागीरथी वगैरे मला आवडत नाही. माझ्याखाली श्रीमती विमल. तिच्याखाली माझी सून सौ. स्वाती, मग बाकीच्या लेकीसुना. छान एका पानात बसलं होतं सगळं.

आबा बघायला आले. चष्मा कपाळावर, पान हातभर लांब धरलेलं.

"इंदू, विमलचं नाव कशापायी?"

"म्हणजे?"

"वर्षाच्या आत हाय ती. शुभकार्यात नाव नगं. पाव्हणं लय सोवळ्यातलं हायती. उगं कुजबूज नगं."

आता मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला मी नंतर सांगते. त्या वेळी मी काय बोलले ते आधी ऐका. मी म्हटलं, "बरं."

एवढंच. बरं. गल्लीत जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती बाई… बरं! आबा गेले, मी विमलच्या ओळीवर माऊस फिरवला, ओळ निळी झाली, डिलीट दाबलं. गेली ओळ.

आणि तिथं जागा तशीच राहिली.

आधी वाटलं, माझाच एंटर जास्त पडला असेल. परत डिलीट दाबलं. स्वातीचं नाव वर सरकलं, माझ्या नावाला चिकटलं… बोट उचललं, की परत खाली! एक ओळभर मोकळं. परत दाबलं, परत तेच. लहान मूल कसं, आपण मांडीवरनं उठवलं की परत येऊन बसतं, तसं.

म्हटलं, इंदुमती, घाबरायचं नाही, बिघाड आहे. बिघाड शोधायचा. एक बटण असतं, ते दाबलं की कागदावरच्या लपलेल्या खुणा दिसतात. जिथं एंटर मारलाय तिथं उलट्या पी सारखी खूण, जिथं स्पेस दिलीय तिथं ठिपका. दाबलं. सगळ्या ओळींना खुणा होत्या. त्या मोकळ्या जागेत काही नाही! ना खूण, ना ठिपका. कर्सर तिथं जायलाच तयार नाही. माझ्या नावावरनं खालचा बाण दाबला की टुणकन उडी मारून थेट स्वातीच्या नावावर. मधल्या जागेला जणू त्यानं बघितलंच नाही.

मग ओळींमधलं अंतर तपासलं. सगळीकडं सारखं. सगळा मजकूर उचलून त्या साध्या नोटपॅडमध्ये टाकला. तिथं सगळा नट्टापट्टा गळून पडतो, नुसती अक्षरं राहतात. तिथनं परत आणला. जागा परत. नवी फाईल उघडून पहिल्यापासून टाईप केलं. जागा परत. मुलाला दुकानातनं बोलावलं, त्यानं अख्खा प्रोग्रॅम काढून टाकून नव्यानं घातला. तो म्हणाला, "आई, फाईल करप्ट झालीय." म्हटलं, अरे फाईल नवी आहे! तो म्हणाला, "मग फॉन्ट." फॉन्ट बदलला. अक्षरं बारीक झाली, जागाही तेवढी बारीक झाली. अगदी बेतानं… एक नाव मावेल एवढीच.

"छापल्यावर नाही दिसायची," असं म्हणून तो गेला. छापून बघितलं. दिसत होती.

स्वाती भाजी निवडत दारात बसलेली. ती हसून म्हणाली, "आत्या, कुणाची तरी जागा धरून ठेवलीय बघा. एष्टीत रुमाल टाकत्यात तशी."

मी म्हटलं, "तू भाजी निवड."

आता माझी एक पद्धत आहे. आमटी बिघडली तर काय करायचं? काय काय घातलं होतं ते एकेक आठवायचं. कॉम्प्युटरचंही तसंच. एकेक गोष्ट काढून बघायची. जी काढल्यावर दुखणं जातं, तिच्यात दुखणं. म्हणून मी एकेक नाव काढायला लागले. शेवटच्या नातसुनेचं काढलं… जागा आहे. परत टाकलं. पुतण्यांच्या बायकांची काढली… जागा आहे. स्वातीचं काढलं, आहे. वरचं "आपल्या विनम्र" काढलं, गणपती काढला (देवा, माफ कर), नातवाच्या बाजूची लहान पोरांची ती "दादाच्या लग्नाला यायचं हं" ओळ काढली. आहे, आहे, आहे.

राहिलं माझं.

माझं नाव निळं केलं, डिलीट दाबलं.

जागा गेली! स्वातीचं नाव सरळ वर येऊन बसलं. पान कसं गच्च, सारखं. मी परत माझं नाव टाईप केलं… शेवटच्या अक्षरावरनं बोट निघतंय तोवर खालची सगळी मंडळी एक ओळ खाली सरकली.

मी माझं नाव उचलून अगदी शेवटी टाकलं, लेकीसुनांच्याही खाली. माझ्याखाली जागा. मधोमध टाकलं. माझ्याखाली जागा. आम्ही दोघी जावा कुठल्याही पंगतीत बसलो की ती अशीच बसायची, माझ्या डाव्या हाताला, माझ्यापेक्षा जरा मागं.

कुकर शिट्टी देत होता. स्वाती कधी मागं येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हसली नाही ती यावेळी. हळूच म्हणाली, "आत्या, तुमचं नाव असलं की ही जागा ऱ्हातीया."

एव्हाना शहाण्या बाईला कळलं असतं. मलाही कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. मी ती फाईल पेन ड्राईव्हवर घातली आणि साताऱ्याला गेले.

राजवाड्याच्या मागं एक छोटा प्रेस आहे, तिथं रेश्मा नावाची एक बाई पत्रिका लावते. माझी ओळखीची. तिचं मशीन वेगळं, प्रोग्रॅम वेगळा. म्हटलं, हिच्याकडं तरी सुटेल. तिनं फाईल उघडली आणि म्हणाली, "काकी, हितं गॅप पडलाय."

"तोच काढायचाय गं बाई."

तिनं बघितलं, दाबलं, परत बघितलं. सगळं पुसून स्वतःच्या हातानं टाईप केलं. जागा आली. तिनं तिथं कुयरीचं डिझाईन टाकायचं ठरवलं, म्हणजे मुद्दाम सोडल्यासारखं दिसेल. कुयरी टाकली, ती घसरून पानाच्या तळाशी जाऊन बसली. परत उचलली, परत घसरली.

रेश्मा म्हणाली, "काकी, कुणाचं नाव ऱ्हायलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

बघा म्हणजे. तोंडावर खोटं बोलले. लेकीच्या वयाच्या पोरीशी.

मग तिनंही तेच केलं जे मी केलं होतं, एकेक नाव काढून बघितलं. माझ्या नावावर आली. जागा गेली. तशी ती मोकळेपणानं म्हणाली, "मग असं करू का काकी, तुमचंच नाव काढू. नुसतं एक नावच तर हाय. पत्रिका सुटसुटीत हुईल."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "माझं का काढायचं? मी काय घरातली कुणी नाही? नवरा गेला म्हणजे माझं नाव गेलं?"

प्रेसमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. आणि मी बोललेलं माझं मलाच ऐकू आलं.

आता सांगते आबांना मी काय बोलायला हवं होतं. आमचे हे गेले, तेव्हा विमलच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. मी पण तेव्हा वर्षाच्या आतली. मीच सांगून पाठवलं होतं, माझं नाव घालू नका, मी येत नाही. विमल सांगलीहून आली, माझ्या दारात उभी राहिली, पदर कमरेला खोचलेला. म्हणाली, "अक्काचं नाव न्हाई तर पत्रिकाच न्हाई. तोंडानं आवतण देत फिरंन गावभर." हेच आबा तेव्हाही काहीतरी म्हणत होते. ती त्यांच्यासमोर बोलली. आमच्यात भावजय थोरल्या दिरासमोर मान वर करत नाही, आणि ती बोलली! पहिलं नाव माझं छापलं. हळदीला मी मागं कांदे चिरत बसले होते, तर तिथनं मला हाताला धरून आणलं, माझा हात धरून हळदीच्या वाटीत बुडवला आणि पोरीच्या गालाला लावला. आणि पंगतीत… डाव्या हाताला, जरा मागं.

आबांना मी हे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बरं.

"सरक जरा," मी रेश्माला म्हटलं. तिच्या खुर्चीत बसले आणि माझ्या नावाखाली टाईप केलं, श्रीमती विमल. ते नाव त्या जागेत असं बसलं… भाकरी तव्यावर बसते तसं. खालची एक ओळ हलली नाही. रेश्मा म्हणाली, "आत्ता कसं!" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ऱ्हायलंतं की काकी नाव." मी मान नाही वर केली.

तुम्ही म्हणाल, झालं, संपली गोष्ट, म्हातारीला अक्कल आली. नाही हो. लाज इथनं पुढं आहे.

पत्रिका छापून आल्या. आबांनी एक उघडली, वाचत वाचत विमलच्या नावापाशी थांबले.

"इंदू. हे काय?"

मी ताठ उभी राहून सांगायला हवं होतं की आबा, मी घातलंय. विमलनं माझ्यासाठी केलं ते मी तिच्यासाठी केलंय. आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं, "आबा, मशीनमध्ये बिघाड झालाय. नाव काढलं की जागा मोकळी राहते. वाईट दिसायला लागलं, म्हणून ठेवलं."

आबा म्हणाले, "मशीनचं काय सांगता येत न्हाई. ऱ्हाऊ दे मग."

सुटले म्हणून मी हुश्श केलं. स्वाती भांडी घासत होती, तिनं एक पातेलं जरा जोरात आपटलं.

सांगलीला पत्रिका द्यायला मी स्वतः गेले, सकाळच्या गाडीनं. अक्षता, पत्रिका, साडी, सगळं घेऊन. विमलनं दार उघडलं. वाळली होती बिचारी. पाया पडली, चहा ठेवला, चिवडा काढला. पत्रिका हातात घेऊन वाचली, स्वतःच्या नावावरनं बोट फिरवलं. मग तसंच खाली बघत विचारलं,

"अक्का, आबांचा फोन आलाता. मशीन बिघडलंतं म्हणून माजं नाव आलं म्हणं?"

मी तोंड उघडलं. विमलच्या समोर, तिच्या स्वयंपाकघरात, कुणी आबा नाही, पाव्हणे नाहीत, कुणी नाही. आणि माझ्या तोंडातनं काय आलं तर, "अगं, त्या मशीनचं काही विचारू नको…" असं म्हणून मी हसले. हसले मी!

तीही हसली. म्हणाली, "चांगलं बिघडलं म्हणायचं." आणि उठून कप विसळायला गेली. लय वेळ विसळत होती. एकच तर कप होता.

निघताना म्हणाली, "गुडघं दुखत्यात अक्का, बघती जमलं तर."

जमलं नाही. लग्नाला आली नाही ती.

आणि आता हे ऐका, कारण मुलगा म्हणतो ते फाईलचं मी एक वेळ मान्य करीन. फाईल, फॉन्ट, पेन ड्राईव्हमधनं साताऱ्याच्या मशीनवर गेलेलं काहीतरी… तो म्हणतो असू शकतं. कसं, ते त्याला सांगता येत नाही, पण असू शकतं. बरं. पण कार्यालयातल्या खुर्च्यांचं काय? अक्षता पडायच्या वेळी उभं राहायला जागा नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन भिंतीला टेकलेल्या. मी पहिल्या रांगेत बसलेली आणि माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी. मी काही पिशवी ठेवली नव्हती, रुमाल टाकला नव्हता. दोन-तीन बायका आल्या, खुर्चीपर्यंत आल्या, आणि "कुणी बसलंय व्हय हितं?" असं पुटपुटून पुढं गेल्या. मी विचारणार होते, कुणी दिसलं का तुम्हाला? धीर झाला नाही. पंगतीतही तसंच. माझ्या शेजारी पान मांडलं, वाढपी वाढून गेला, आणि त्या पानावर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. आमच्या भावकीत पान रिकामं राहतं होय? तिथं वाढायच्या आधी माणसं बसतात!

स्वातीनं ते पान उचललं. मला म्हणाली, "आत्या, सांगून टाका आता त्यांना." कुणाला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून लिहायला बसले. तुमच्यासाठी लिहिलं असं म्हणाले, तेही पूर्ण खरं नाही. विमलची धाकटी लेक हा ग्रुप वाचते आणि दुपारी आईला मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. फोनवर सांगायला घेतलं की माझा आवाज "जेवलीस का" च्या पुढं जात नाही. म्हणून इथं, सगळ्यांच्या समोर सांगते. विमल, मशीन बिघडलं नव्हतं. तुझं नाव माझ्या हातानं मी काढलं, आणि माझं काढायची वेळ आली तेव्हा परत घातलं. मशीनवर ढकललं ते आबांच्या धाकानं. तुझ्यासमोर हसले ते कशानं, ते मला अजून कळलेलं नाही. तू माझ्या दारात पदर खोचून उभी राहिली होतीस, आणि मी तुझ्या दारात बसून चिवडा खाल्ला.

ती जागा कशी आली, कोण धरून बसलं होतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या मशीनवर नंतर कितीतरी पत्रिका केल्या, एकीतही तसं झालं नाही. हे लिहितानाही इथपर्यंत काही नव्हतं. आत्ता खाली माझं नाव टाकलं… आणि त्याच्याखाली बघा, कर्सर जात नाही तिथं. मी यावेळी डिलीट दाबत नाही. राहू दे.

विमल, गुडघ्यांचं मी बघते, निरगुडीचा पाला काढून ठेवलाय. सकाळच्या गाडीत बस, स्टेशनवर मी रिक्षा घेऊन उभी राहीन. आबा घरीच असतात, त्यांच्यासमोरच सांगेन. आणि या आठवड्यातच ये गं, माझं धाडस लय दिवस टिकत नाही.

– इंदुमती, रहिमतपूर